गड्डीतला वरचा एकच तुकडा

शाळेच्या शर्टाचा खिसा घ्या. कापलेला तुकडा १२ सेंटिमीटर रुंद, १५.५ सेंटिमीटर उंच, कापड पॉलिएस्टर-कॉटन, ११५ जीएसएम (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम). वजन जेमतेम दोन ग्रॅम. त्याच्या तोंडाची पट्टी मारायला इंचाला ११ या हिशेबाने ५२ टाके लागतात. मशीन मिनिटाला ३५०० टाके घालत असेल तर शिवण सेकंदाच्या आत संपते. बाकीचा सगळा वेळ तुकडा गड्डीतून सुटा करण्यात, सुलटी-उलटी बाजू बघण्यात आणि फोल्डरच्या, म्हणजे कड दुमडून देणाऱ्या जोडाच्या, तोंडाशी नेण्यात जातो. हे गणित मांडूनच बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या एका शेडमध्ये आम्ही खिशाच्या पट्टीच्या मशीनला तुकडे उचलून भरवणारं युनिट जोडलं. त्यात काय लागलं आणि कुठं अडलं, ते पुढे आहे.

युनिट म्हणजे काही मोठा रोबो नव्हे. मोटरने वर सरकणारी गड्डीची प्लेट, तिच्यावर तुकडा पकडणारा सुयांचा ग्रिपर, ४०० मिलिमीटर आडवं जाणारा हवेचा सिलिंडर, मशीनपर्यंतचा छोटा बेल्ट, ‘जोड’ म्हणजे एकदम आलेले दोन तुकडे ओळखणारा सेन्सर आणि हे सगळं क्रमाने चालवणारा साधा कंट्रोलर, पीएलसी. ग्रिपरचा ॲल्युमिनियमचा ब्लॉक बेळगावच्या उद्यमबागेत मिलिंग करून घेतला. तिरकी भोकं पाडायला जिग लागतो, पण मशीन शॉपच्या गावात ते काही अवघड नाही.

बेल्टचा वेग मात्र अंदाजाने ठेवू नये. इंचाला ११ टाके म्हणजे एक टाका २.३ मिलिमीटरचा. ३५०० टाक्यांना कापड मिनिटाला आठ मीटरच्या आसपास सरकतं, म्हणजे सेकंदाला १३५ मिलिमीटर. बेल्ट याहून जोरात फिरला की तुकडा फोल्डरच्या तोंडाशी गोळा होतो, हळू फिरला की ओढला जातो आणि पट्टी एका बाजूला निमुळती होते. उचलणारं डोकं दर चार सेकंदांनी एक तुकडा देतं, तेव्हा शिवणयंत्र बहुतेक वेळ वाट बघत उभंच असतं. ते चालेल. आधीही ते वाटच बघायचं, माणसाच्या हाताची.

आता मूळ अडचण. दोन ग्रॅमचा तुकडा उचलायला ताकद लागत नाही, तो खालच्यापासून सोडवायला लागते. वरून एक उचलायला जावं तर दोन येतात, नाहीतर एकही येत नाही. शंभरात एक चूक म्हणजे ९९ टक्के काम बरोबर, ऐकायला छान. पण तासाला ९०० तुकड्यांचा वेग धरला तर तासाला नऊ वेळा लाइन थांबते. हेल्परला बाजूला उभंच करावं लागतं, मग युनिट घेऊन साधलं काय?

सुरुवातीला सगळा दोष आम्ही ग्रिपरला दिला. सुया बदलल्या, खोली बदलली, वेग कमी केला. आकडा थोडा सुधारायचा आणि पुढच्या बंडलला परत घसरायचा. मग एक गड्डी हातात धरून तिच्या कडेवरून नख फिरवलं. पत्त्यांचा जोड फुलवताना होतो तसा फरफर आवाज यायला हवा होता. आला तो चरचर, चिकटलेली प्लॅस्टिकची पिशवी उघडताना येतो तसा. भिंगाखाली कडेला धाग्यांच्या टोकांचे बारीक मणी दिसले. पॉलिएस्टर साधारण २५० ते २६० अंशांना वितळतं. उभ्या चाकूचं यंत्र मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या घरात चालतं, पातं बोथट असलं तर घासून घासून तेवढी उष्णता होते आणि शेजारच्या थरांच्या कडा एकमेकींना डाग दिल्यासारख्या चिकटतात. माणूस असा तुकडा अंगठ्याने टचकन सोडवतो, त्याला कळतही नाही. ग्रिपरला अंगठा नाही.

त्यामुळे निम्मं काम कटिंगच्या टेबलावर हललं. पातं आधी दिवसातून एकदा घासलं जायचं, ते दर दोन लेला (ले म्हणजे कापायला एकावर एक अंथरलेले कापडाचे थर) घासायचं ठरलं. घासल्यावर पात्याला लागलेली एमरीची पूड कोरड्या फडक्याने पुसायची, नाहीतर ती कडांत बसते आणि सुयांची टोकं खाते. पात्यावर सिलिकॉनचा हलका फवारा. पूर्ण पॉलिएस्टर असेल तर लेची उंची निम्मी आणि दर वीस थरांना पातळ कागद. खिशासारखे छोटे तुकडे उभ्या चाकूने थेट कापायचे नाहीत. त्यांचा मोठा ठोकळा काढून बँडनाईफवर, म्हणजे जागेवर फिरणाऱ्या पट्टीच्या पात्यावर, साच्याला लावून कापायचा. उभा चाकू हातात जरा कलला तरी वरच्या आणि खालच्या तुकड्यात दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. हाताने शिवताना तो खपून जातो. इथे गड्डी काटकोनी गुण्याला लावून ठेवायची असते, एक कड बरोबर बसली की दुसरी हुकते.

ले अंथरताना सगळे थर एकाच तोंडाने, सुलटी बाजू वर. कापड मागे-पुढे फिरवून, तोंडाला तोंड लावून अंथरायची सवय असेल तर ती सोडावी लागते, कारण मशीन तुकडा उलटून बघत नाही. एका आड एक खिसा उलटा शिवून येईल, तोही पट्टी एकदम सुबक मारलेली.

पुढची गोष्ट नंबरच्या स्टिकरची, आणि ती कोणत्याही पुस्तिकेत नव्हती. एकाच शर्टात रंगाच्या छटेचा फरक पडू नये म्हणून प्रत्येक थराला नंबराचं स्टिकर लागतं, आणि मारणारी बाई सगळी एकाच कोपऱ्यात मारते, ते साहजिक आहे. स्टिकरची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर. शंभर तुकड्यांत ती एका कोपऱ्याला एक सेंटिमीटर होते. म्हणजे २४ मिलिमीटरची गड्डी एका कोपऱ्यात ३४ मिलिमीटर. ग्रिपर सपाट उतरतो, उंच कोपऱ्यात सुया दोन थर छेदतात आणि सखल बाजूला एकही नाही. वरून स्टिकरच्या डिंकाने वरचा तुकडा खालच्याला धरून ठेवलेला. यावर उपाय निघाला तो असा: खालच्या कडेला, पट्टीच्या विरुद्ध बाजूला, विषम नंबर डावीकडे आणि सम नंबर उजवीकडे. दोन्ही कोपरे सारखे चढतात, गड्डी कलते ती फक्त मागून पुढे, आणि तेवढा कल प्लेटखाली पाचर घालून काढता येतो. उचलायचं तोंडाच्या कडेने, जिथे स्टिकर नाही आणि सुयांच्या खुणा दुमडीत जातात.

बंडल बांधायच्या चिंधीचंही तसंच. गाठ आवळून रात्रभर ठेवलेली गड्डी मधे दबते आणि कडा वर येतात. बांधायचं ते रुंद पट्टीने, सैल. आणि प्लेटवर ठेवण्याआधी चारही कडा एकदा हाताने फुलवायच्या. एवढ्या ऑटोमेशननंतर हे हातानेच, हो. पंधरा-वीस सेकंदांचं काम आहे, शंभर तुकडे बिनबोभाट जातात.

आता ग्रिपर. सुयांच्या दोन रांगा, प्रत्येकी सहा, एकमेकींच्या विरुद्ध दिशेला, कापडाच्या पातळीशी ३० अंशांत तिरक्या. दोन्ही रांगा एकाच वेळी बाहेर येतात, कापडात तिरक्या शिरतात आणि मधला भाग ताणून धरतात. आधी शिवणयंत्राच्या बारीक सुया कापून वापरल्या होत्या. त्या चालल्या नाहीत. सुईला नेढं आणि खाच असते, त्यात तंतूंचा भुगा अडकतो आणि सोडताना तुकडा लोंबकळत राहतो. ०.८ मिलिमीटरच्या सरळ, कडक पोलादी पिना बऱ्या.

खोली ठरवायची ती अशी. त्याच लॉटचे दहा तुकडे एकावर एक ठेवून जाडीमापकाने मोजायचे, दहाने भागायचं. ११५ जीएसएमच्या शर्टिंगला दहाचे २.४ मिलिमीटर आले, म्हणजे एकाची जाडी ०.२४. एकच तुकडा मोजू नये, चूक मोठी येते. सुई शिरायला हवी ती निम्म्याहून जास्त आणि पूर्ण जाडीहून कमी, साधारण ०.२. सुई ३० अंशांत असल्यामुळे ती ०.४ मिलिमीटर बाहेर आली की सरळ खोली ०.२ होते. इथे बरेच जण फसतात. कॅटलॉगातला सुईचा स्ट्रोक, म्हणजे ती बाहेर येते ती लांबी, हीच खोली समजून ०.२ लावतात, सुई कापडाला नुसती खाजवते, मग चिडून ०.८ करतात आणि दोन-दोन उचलतात.

स्ट्रोक अडवणारा स्क्रू बारीक आट्यांचा, एका फेऱ्याला अर्धा मिलिमीटर. त्याच्या डोक्यावर दहा खुणा कोरून घेतल्या. एक खूण म्हणजे ०.०५ मिलिमीटर स्ट्रोक. रंग बदलला, लॉट बदलला तर फरक पडतो तो एका-दोन खुणांचाच. गडद नेव्ही ब्लू आणि पांढरं, एकाच गिरणीचं, एकाच जीएसएमचं, तरी हाताला वेगळं लागतं. रंगाईत आणि फिनिशमध्ये कापड कमी-जास्त दाट होतं.

खोली बरोबर असूनही जोड येत असेल तर दाब बघायचा. डोकं गड्डीवर जोरात बसलं की वरचे चार-सहा थर दबून पातळ होतात आणि ठरवलेली ०.२ दुसऱ्या थरात जाते. खाली उतरवणारा सिलिंडर १० मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) घेतला आणि त्याला वेगळा रेग्युलेटर देऊन १.५ बार ठेवला. जोर १.२ किलोच्या आसपास येतो. बाकी सगळं ५.५ बारवर चालतं, तेच या सिलिंडरला दिलं होतं तेव्हा जोर साडेचार किलोंच्या घरात जात होता.

उचलायचं ते सरळ वर नाही. सरळ वर ओढलं तर चारी कडांची चिकट एकदम सोडवावी लागते. पुस्तकाचं पान उलटतो तसं करायचं. ग्रिपर तोंडाची कड धरतो, १५-२० मिलिमीटर वर येतो आणि थांबतो. मागची कड एका स्प्रिंगच्या बोटाने दाबून धरलेली. मग २ मिलिमीटरच्या नोझलमधून, कापडाच्या पातळीशी १०-१५ अंशांत, दोन बारची एक फुंकर, सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी. दुसरा तुकडा सोबत आला असेल तर इथे गळून पडतो. मग डोकं मागे झुकत कड सोलत नेतं आणि बोट शेवटी उठतं. फुंकर मोठी केली तर वरचे पाचसहा तुकडे पत्रावळीसारखे उडतात, तेव्हा दाब वाढवण्याआधी नोझलचा कोन बघावा.

ठेवताना क्रम चुकला की सगळी मेहनत वाया. आधी बेल्टच्या तोंडाशी दाबपट्टी तुकड्यावर बसली पाहिजे, मग सुया आत, मग डोकं वर. सुया आधी आत गेल्या तर तुकडा हवेत सुटून तिरका पडतो. डोकं आधी वर गेलं तर तो सुयांबरोबर परत निघतो.

ग्रिपरचे बाकी प्रकारही पाहिले. सक्शन कप पत्र्याला उत्तम, विणलेल्या कापडातून हवा आरपार जाते, दुसराही तुकडा ओढला जातो. शिवाय कॅटलॉगमधला व्हॅक्यूम समुद्रसपाटीचा. बेळगाव साडेसातशे मीटरवर, इथे हवेचा दाबच ०.९२ बारच्या आसपास, त्यामुळे तो आकडा इथे कधीच दिसत नाही. कोटिंग केलेल्या रेनकोटच्या कापडाला मात्र कपच हवेत, तिथे सुईचं भोक म्हणजे गळती. चिकट टेपचं डोकं भुग्याने तासाभरात आंधळं होतं. २०१६ साली अमेरिकेत एकाने पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरने कापड पत्र्यासारखं ताठ करून रोबोकडून अख्खा टी-शर्ट शिवून घेतला. कल्पना शहापूर-वडगावच्या विणकरांना नवी वाटणार नाही, ताण्याला खळ ते पिढ्यान्‌पिढ्या देत आलेत. खिशाच्या कडेला खळीचा फवारा आम्हीही मारून बघितला. तुकडा कागदासारखा उचलला जातो, पण वाळवायला जागा, वेळ आणि शेवटी धुलाई. दोन ग्रॅमच्या खिशाला ते परवडत नाही.

जोड पकडायला आधी प्रकाशाचा सेन्सर लावला. पांढऱ्याला चालला, नेव्हीला एकच तुकडा दोन वाटायचा. प्रत्येक रंगाला परत शिकवत बसावं लागे. अल्ट्रासॉनिकला, म्हणजे कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजावर चालणाऱ्या सेन्सरला, रंगाचं घेणं-देणं नाही. दोन थरांमधल्या हवेच्या फटीत आवाज विरतो, त्यावर तो ओळखतो. दोन डोक्यांत ५० मिलिमीटर अंतर, जोडी थोडी तिरकी, आणि शिकवताना त्याच लॉटचा एक तुकडा. विरळ विणीच्या कापडातून आवाज भोकांतूनच निसटतो, तिथे हा कच्चा. तिथे बेल्टवरच्या छोट्या रोलरखाली जाडी मोजणारा सेन्सर हवा. जोड आला की डोकं तो बाजूच्या ट्रेमध्ये टाकतं आणि पुढे चालू राहतं. तिसऱ्यांदा लागोपाठ आला तरच थांबायचं. पॅनलवरच्या सूचना मराठी आणि कन्नड, दोन्हीत लिहिल्यात, पण ‘जोड’ हा शब्द दोन्हीकडच्या बायका वापरतात. ‘अक्का, जोड आलाय बघा की,’ एवढं पुरतं.

हवामान हा वेगळाच विषय. इथल्या शेडना दोन घाई असतात, कर्नाटकातल्या शाळा मेअखेर-जूनच्या सुरुवातीला उघडतात आणि महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. म्हणजे खिशांचा जोर मार्च ते मे. हवा कोरडी, पॉलिएस्टरला स्थिर वीज, तुकडे एकमेकांना आणि ग्रिपरच्या ब्लॉकलाही चिकटतात. गड्डीच्या कडेला स्थिर वीज मारणाऱ्या आयोनायझरची पट्टी लावली, मशीनला अर्थिंग दिलं, कूलर लावून आर्द्रता ५५-६० टक्क्यांवर ठेवली. नुसतं जमिनीवर पाणी मारून भागत नाही, ते दुपारपर्यंत वाळतं. मग जूनमध्ये पाऊस लागतो आणि सगळं उलटं. कापूस ओलावा धरतो (प्रमाणित हवेत ८.५ टक्के, पॉलिएस्टर जेमतेम ०.४), तुकडा लिबलिबीत होतो, सोलताना मधे खचतो. एप्रिलची सेटिंग जुलैत चालत नाही. खोली एक खूण वाढवा, सोलण्याचा वेग कमी करा.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणीही भराभर साठतं. सकाळ-संध्याकाळ ड्रेन काढला नाही तर ते लाइनमधून येतं, हवा सोडणारा-अडवणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह अडखळतो, आणि वाईट म्हणजे फुंकरीतून पांढऱ्या खिशावर तांबूस ठिपके पडतात. फुंकरीच्या लाइनला ल्युब्रिकेटर (हवेत तेल सोडणारा भाग) देऊ नये, तेलाचे डाग निघत नाहीत. एफआरएल, म्हणजे फिल्टर, रेग्युलेटर आणि ल्युब्रिकेटरचा संच, एकच असेल तर फुंकरीची नळी फिल्टर-रेग्युलेटरनंतर आणि ल्युब्रिकेटरच्या आधी काढायची. वीज गेली-आली की पीएलसी नव्याने सुरू होतो आणि डोकं कुठं आहे हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून २४ व्होल्टच्या पुरवठ्याला छोटा बॅकअप आणि सुरू होताना आधी सुया आत, मग डोकं वर, मगच आडवं. हा क्रम प्रोग्राममध्ये पक्का बसवला नाही तर पहिल्याच झटक्यात सुया वाकतात.

सुई तुटली तर हयगय नाही. मुलांच्या कपड्यात पोलादी टोक जाणं म्हणजे माल परत. बाराच्या बारा सुया प्रत्येक पाळीला मोजायच्या, तुटकं टोक सापडेपर्यंत ती गड्डी आणि बेल्टवरचा माल बाजूला, आणि शेवटी १.२ मिलिमीटरची लोखंडी गोळी पकडणाऱ्या मेटल डिटेक्टरमधून सगळं काढायचं. तुटलेल्या पिनांचे तुकडे टेपने वहीत चिकटवतात, तुटक्या शिवणसुईचे लावतात तसेच.

टी-शर्टाच्या बाहीला हेच युनिट लावून बघितलं. सिंगल जर्सी, म्हणजे टी-शर्टाचं एकेरी विणीचं होजियरी कापड, १८० जीएसएम. तिची कड गुंडाळते: वरची-खालची सुलट्या बाजूकडे, उभ्या बाजूंची उलट्या बाजूकडे. ग्रिपरला सपाट जागाच मिळत नाही. रोल उघडून २४ तास मोकळा ठेवल्यावर थोडी निवळते, कडेवर दोन बाजूंनी हवा मारून ती उलगडावी लागते, आणि सुई विणीचं घर (धाग्याचा फास) तोडणार नाही इतकी बारीक हवी, नाहीतर धुतल्यावर घर सुटत जातं. ते काम अजून पुरतं बसलेलं नाही, म्हणून इथे थोडक्यात.

प्रत्येक लॉटची एक चिठ्ठी गड्डीबरोबर कटिंगवरून येते: दहा तुकड्यांची जाडी, पातं शेवटचं कधी घासलं, स्टिकरचे कोपरे. ऑपरेटर तिच्यावर सुईची खूण आणि फुंकरीचा दाब लिहिते. तोच लॉट पुन्हा आला की चाचपडायला नको.

प्लेट पत्र्याची आहे, शेवटच्या तुकड्याला सुया पत्र्यावर आपटून बोथट व्हायच्या, म्हणून वर ३ मिलिमीटर फेल्ट चिकटवलं. तरी शेवटचे चार तुकडे मशीनला देत नाही. मोजणी ९६ वर आली की डोकं थांबतं. ते चार ऑपरेटर हातानेच फोल्डरला लावते. पुढच्या गड्डीवर टाकले तर नंबर सरकतो आणि शर्टाला भलत्याच ताग्याचा खिसा लागतो.